हिरव्या रंगाची परवानगी

मुलांनो, आज डोळे मिटायचे नाहीत. उघड्या डोळ्यांनीच कल्पना करायची आहे.

कल्पना करा, साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी आहे आणि तुम्ही तिसरीत आहात. नाशिकरोडच्या बाजूला एक कामगार वसाहत आहे, वसाहतीत दोन खोल्यांचं वाचनालय आहे आणि वाचनालयात, चपला बाहेर काढून मगच ज्याच्यासमोर जायचं, असा एक कॉम्प्युटर आहे. तुम्हाला 'उंटावरची शाळा' हे पुस्तक हवं आहे. त्याचा क्रमांक चारशे सतरा. ग्रंथपाल काका काळ्या पडद्यावर PUSTAK 417 असं लिहितात, एक कळ दाबतात, आणि पडदा उत्तर देतो. पण उत्तर इंग्रजी अक्षरांत! कारण त्या बिचाऱ्याला मराठी अक्षरं येत नाहीत. आणि तुम्हाला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, कारण तेव्हा शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. म्हणजे पडदाही अडाणी आणि तुम्हीही अडाणी. आता पुस्तक आहे की नाही, हे कळावं कसं?

नाही ना सुचत? ग्रंथपाल जयराम गांगुर्डे यांनाही सुचलं नव्हतं. सुचलं ते तिसरीतल्या लंकाला.

"काका, त्याला सांगा ना," लंका म्हणाली, "पुस्तक असलं तर हिरवं लिही, नसलं तर लाल. रेल्वेच्या सिग्नलसारखं."

"एवढंच ना?" जयराम म्हणाले.

मोठ्या माणसानं लहान मुलासमोर 'एवढंच ना' म्हणू नये. तुम्हीही मोठे व्हाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

खरं सांगायचं तर जयरामना हा रंग हवाच होता. वाचनालय ज्या संस्थेचं होतं, तिचे निरीक्षक साहेब तीन आठवड्यांनी शनिवारी तपासणीला येणार होते. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: 'सदर यंत्राचा वाचकांना उपयोग होत असल्याचे न दिसल्यास ते मुख्य कार्यालयात हलविण्यात येईल.' मुख्य कार्यालयात काय होईल, हे जयरामना ठाऊक होतं. तिथे त्यावर भरतकामाचं झाकण पडेल आणि झाकणावर फुलदाणी बसेल. या यंत्रासाठी जयराम तीन महिने रोज संध्याकाळी एसटीनं ओझरला शिकवणीला गेले होते. जाताना उभे, येताना उभे. त्या तीन महिन्यांवर कोणी फुलदाणी ठेवावी, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

ओझरच्या कारखान्यात काळू साळवे नावाचा त्यांचा मित्र होता. कॉम्प्युटरमधलं त्याला बरंच कळे, आणि जे कळत नसे तेही तो कळल्यासारखंच सांगे. त्यानं विडीच्या पाकिटामागे लिहून दिलं, "हे बघ जयराम, आधी एस्केप नावाची खूण, मग चौकटी कंस, मग आकडा आणि शेवटी m. एकतीस म्हणजे लाल, बत्तीस म्हणजे हिरवा, चौतीस म्हणजे निळा. शब्दाच्या आधी ही खूण टाकली की पुढचा शब्द रंगीत. पोरखेळ आहे."

जयरामनी दोन दिवस बसून खुणा टाकल्या. सगळ्या वसाहतीसमोर पहिला प्रयोग झाला. PUSTAK 12 असं लिहून त्यांनी कळ दाबली. पडद्यावर उमटलं:

←[32mAAHE

सगळी वसाहत पडद्याकडे वाकली. मग सावळीराम अण्णा बोलले. अण्णा म्हणजे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले शेजारी. निवृत्त झाल्यापासून ते कचेरीत जात नसत, कचेरीच त्यांच्याबरोबर सगळीकडे जाई.

"जयराम, बत्तीस आहेत म्हणतोय तो. आपल्याकडे तर एकच प्रत आहे. तफावत आहे ही. चौकशी लागेल."

जयरामची पत्नी सिंधुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. लंका मात्र पडद्याला नाक लावून बघत होती.

"काका, आमच्या वर्गात गेणू आहे ना, तो असंच करतो. बाई शुद्धलेखन सांगताना म्हणतात, 'राम घरी गेला पूर्णविराम.' तर हा वहीत 'पूर्णविराम' असं अक्षरांत लिहितो. त्याला कोणी सांगितलंच नाही, की ते लिहायचं नसतं, टिंब द्यायचं असतं."

मुलांनो, हे नीट ऐका, कारण जयरामना जे दोन दिवसांत उमगलं नाही ते या पोरीनं एका दमात सांगितलं. दोष अगदी हाच होता. खूण म्हणजे हुकूम आहे, वाचून दाखवायचा मजकूर नव्हे, हे कॉम्प्युटरला आधी कोणीतरी बजावावं लागतं. जयराम पुन्हा ओझरला गेले (जाताना उभे, येताना उभे). काळू कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे हो, त्याची एक ओळ सुरुवातीच्या फायलीत टाकायची असते. ती सांगायची राहिलीच की!"

ओळ टाकली. पुन्हा वसाहत जमली. या वेळी AAHE असा नुसता स्वच्छ शब्द उमटला, आणि तोही हिरवागार! टाळ्या पडल्या. जयरामनी चष्मा काढून पुसला. आता लाल बघू या म्हणून त्यांनी चारशे सतरा क्रमांक टाकला, कारण 'उंटावरची शाळा' गेलं वर्षभर परतच आलं नव्हतं, आणि लंका दर सोमवारी येऊन त्याची चौकशी करत होती. पडद्यावर NAHI उमटलं. तेही हिरवंगार.

"हा लाल हिरवा कसा?" अण्णांनी विचारलं.

जयरामनी सगळ्या खुणा तपासल्या. एकतीस होते तिथे एकतीस होते. तासभरानं सिंधुबाई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघितलं आणि सहज म्हणाल्या, "अहो, ह्याच्यावर पहिल्या दिवसापासून सगळं हिरवंच दिसतंय की. हा पडदाच एकरंगी असेल."

तो पडदा एकरंगीच होता. जयराम चार महिने रोज त्याच्यासमोर बसत होते. नवऱ्याच्या नजरेबद्दल सिंधुबाई पुढे काही बोलल्या नाहीत, पण चहात साखर कमी पडली होती, एवढं खरं.

आता रंगीत पडदा आणायचा कुठून? काळूच्या ओळखीच्या एका कंपनीनं जुना रंगीत पडदा आणि त्याच्या जोडीचं, यंत्रात बसवायचं कार्ड काढून टाकलं होतं. ते वाचनालयाला देणगी म्हणून मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी जयराम रिक्षातून पडदा घेऊन आले. मांडीवर पडदा, पडद्यावर हात, आणि 'सावकाश, भाऊ, सावकाश' हा जप. रिक्षा वसाहतीच्या तोंडाशी वळली, तेवढ्यात कोणीतरी पाहिलं. कोणी पाहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण शनिवारी दुपारपर्यंत वसाहतीतल्या प्रत्येक घरी बातमी पोचली, की वाचनालयात रंगीत टीव्ही आला.

तुम्हाला आज यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा त्या वसाहतीत रंगीत टीव्ही एकाही घरात नव्हता, आणि रविवारी सकाळी टीव्हीवर जी मालिका लागे तिच्यासाठी लोक आदल्या दिवशी केस धुवून ठेवत.

रविवारी सकाळी आठ वाजता जयराम वाचनालयात आले, तर बाहेर चपलांचा ढीग. आत सतरंज्या, चटया, पाट, एक आरामखुर्ची. माणसं मोजून साठ. सर्वांत पुढे लंकाची आजी ठमाबाई. ती मूळची हरसूलकडची, आणि चार चौकांपलीकडच्या लेकीलाही नातवंडांसकट घेऊन आली होती.

"जयरामभाऊ, लावा की आता. टाइम व्हत आला."

"ठमाबाई, हा टीव्ही नाही. हा कॉम्प्युटरचा पडदा आहे."

"आसंल. पन रंगीत हाय ना?"

"रंगीत आहे, पण यात चित्र दिसत नाही. अक्षरं दिसतात."

ठमाबाईनं मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्षरं दिसत्यात म्हनं. एवढा मोठा डबा आन् नुसती अक्षरं! त्यापरीस पाटी काय वाईट व्हती?"

साठ माणसं उठून जायला तयार होईनात. शेवटी जयरामनी नाइलाजानं पडदा लावला आणि PUSTAK 12 असं टाकलं. काळ्याभोर पडद्यावर हिरवा AAHE झळकला. मग चारशे सतरा. लालबुंद NAHI! पोरांनी अशी आरोळी ठोकली, की आरामखुर्चीतले आजोबा दचकून जागे झाले. "आमचा नंबर टाका! चौदा टाका! पंचाहत्तर टाका!" एक तास हाच खेळ चालला. ठमाबाईसुद्धा नातवाच्या वयाचा आकडा सांगून गेली, आणि हिरवं आलं म्हणून खूश झाली.

जयराम त्या दिवशी घरी गेले ते शीळ घालत. आता कथा इथे संपायला हवी होती. पण संध्याकाळी सावळीराम अण्णा आले, आणि खुर्चीवर न बसता उभे राहिले. अण्णा उभे राहिले, की ते नियम सांगणार हे ठरलेलं.

"जयराम, हिरवा वापरलास तू?"

"हो. का हो अण्णा?"

"चौतीस वर्षं नोकरी केली मी. निळ्या शाईत लिहिलं, काळ्या शाईत लिहिलं. हिरव्या शाईला हात लावला नाही. हिरवी शाई साहेबाची! त्याच्या सहीची. कारकुनानं हिरवं लिहिणं म्हणजे साहेबाच्या खुर्चीत बसणं. आमच्या कचेरीत एका पोरानं नुसतं हिरव्या पेनानं पाण्याच्या माठावर 'झाकण ठेवा' लिहिलं होतं, तर त्याची बदली झाली."

"अण्णा, ही शाई नाही. उजेड आहे."

"निरीक्षक साहेब तपासणीला येतील तेव्हा त्यांना सांग, उजेड आहे म्हणून."

जयराम हसले. पण रात्री पाठ टेकल्यावर त्यांना हसू येईना. ते स्वतः साधे ग्रंथपाल, बाप गिरणीतला कामगार. साहेबाचा रुसवा काय असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. सकाळी उठून त्यांनी अर्ज लिहिला. विषय: 'यंत्राच्या पडद्यावर हिरवा रंग वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.' होकाराची पत्रं यायला सहा महिने लागतात. नकार आठव्या दिवशी आला. 'हिरवा रंग अधिकाऱ्यांसाठी राखीव असल्याने सदर विनंती अमान्य. कर्मचाऱ्यांनी निळा वापरावा.' खाली लफ्फेदार हिरवी सही.

"बघ," अण्णा म्हणाले. इतकं समाधानी 'बघ' जयरामनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"निळा तर निळा," सिंधुबाई म्हणाल्या. "आपला रंगच आहे तो. छान दिसेल."

जयरामनी बत्तीस खोडून चौतीस केले. निळा खरंच छान रंग आहे, मुलांनो. आकाशात छान दिसतो, झेंड्यात छान दिसतो. फक्त काळ्या पडद्यावर तो दिसत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मुलं आली, आणि असलेली पुस्तकं पडद्यावर दिसेनात. दिसायचं ते फक्त लालभडक NAHI. पोरं रडकुंडीला येऊन घरी गेली, आणि एकेका आईला सांगू लागली, की वाचनालयातली सगळी पुस्तकं संपली.

शनिवार उजाडला. निरीक्षक साहेब पेठकडची वाचनालयं तपासून जीपनं आले. उंच, गंभीर, खिशाला दोन पेनं. दारात बूट काढावे लागले, तेव्हा त्यांच्या मोज्याला पडलेलं भोक सगळ्यांना दिसलं, आणि त्यामुळे ते आणखीच गंभीर झाले.

जयरामनी स्वागताची तयारी केली होती. आधी एक लाल NAHI दाखवायचं, लगेच साहेबांच्या नावानं SUSWAGATAM. पण काळूनं आणखी एक गोष्ट सांगायची ठेवली होती. रंग लावला की तो काढावाही लागतो. त्यासाठी शून्याची खूण असते. ती टाकली नाही, तर नळ उघडा राहिल्यासारखा तोच रंग पुढे वाहत राहतो. जयरामनी कळ दाबली. लाल NAHI आलं, आणि त्याखाली साहेबांचं संपूर्ण नाव, पदासकट, लालभडक.

साहेबांनी चष्मा वर केला. "गांगुर्डे, लाल शाईनं आम्ही तुमच्यावर शेरा मारायचा असतो. तुम्ही आमच्यावर?"

"नाही साहेब... चूक झाली... ते हिरव्यात यायचं होतं, साहेब, पण परवानगी..."

"कसली परवानगी?"

"हिरव्याची. नाकारली."

"कोणी नाकारली?"

जयरामनी पत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं. मग स्वतःची हिरवी सही वाचली. मग पुन्हा पत्र वाचलं, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. अण्णा कोपऱ्यात सावधान उभे होते.

साहेबांनी हिरवं पेन काढलं आणि पत्राच्या तळाशी लिहिलं, 'पडद्यावरचा रंग ही शाई नव्हे. परवानगी आहे.' आणि सही केली.

जयरामच्या बोटांना पंख फुटले. चौतीसचे पुन्हा बत्तीस झाले, प्रत्येक शब्दामागे शून्याची खूण बसली. पोरं दारातून डोकावू लागली. "आता सगळी यादी दाखवा," साहेब म्हणाले.

जयरामनी यादी लावली, आणि तिथेच घात झाला. कारण रंग खोटं बोलत नाही. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या: लाल, लाल, हिरवी, लाल, लाल, लाल. प्रत्येक लाल ओळीपुढे पुस्तक नेणाऱ्याचं नाव.

"हे काय, सगळी वसाहत नापास?" साहेब म्हणाले. "पुस्तकं लोकांच्या घरात आणि यंत्र इथे? मग उपयोग कोणाला? कॉम्प्युटर मुख्य कार्यालयात न्यावा, हेच बरं."

त्यांनी शेरेबुक उघडलं. जयरामना समोर फुलदाणी दिसू लागली होती. प्लास्टिकचे गुलाब असलेली.

लंका इतका वेळ टेबलाला हनुवटी टेकून उभी होती. "काका, चारशे सतरापुढे कोणाचं नाव आहे?" तिनं हळूच विचारलं.

जयरामनी नाव वाचलं. मग अवघडून कोपऱ्याकडे पाहिलं. "सावळीराम अण्णा."

अण्णांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा चेहरा इतका लाल कधी झाला नसेल. "मी... म्हणजे नातवासाठी नेलं होतं... मुदतवाढीचा अर्ज करणारच होतो..."

"आणि बाराशे तीन? आणि शहाऐंशी?" लंका एकेका लाल ओळीवर बोट ठेवत गेली, जयराम नावं वाचत गेले, आणि ती ओठातल्या ओठात नावं घोकत गेली. मग एकाएकी ती दिसेनाशी झाली.

सिंधुबाईंनी चहा आणला, चिवडा आणला. साहेबांना तिखट लागलं म्हणून पाणी आणलं. शेरेबुकात 'सदर यंत्र' एवढे दोन शब्द लिहून झाले होते, तेवढ्यात दारात धाप ऐकू आली.

लंका बाजाराची पिशवी दोन्ही हातांनी ओढत होती. मागून ठमाबाई डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन, "कार्टीनं समद्या घरात शिरून कपाटं उचकली हो!" असं सांगत येत होती. आणि त्यांच्याही मागे अण्णांच्या पत्नी, कुसाबाई. "अहो," त्या दारातूनच नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीनं पुस्तक ओढून काढलं आणि तुमची खाट डुगडुगायला लागली. आता खुराखाली काय ठेवू?"

'उंटावरची शाळा' वर्षभर खाटेचा एक पाय सांभाळत होतं. त्याच्या मुखपृष्ठावरच्या उंटाच्या पाठीवर चौकोनी खळगा पडला होता.

लंकानं पिशवी टेबलावर उपडी केली. "काका, हिरवी करा. पण एकेक करून करा. मला बघायचंय."

जयरामनी एकेक पुस्तक जमा केलं. पडद्यावर एकेक लाल ओळ हिरवी होऊ लागली. दाराशी पोरं मोजू लागली, मग ठमाबाई मोजू लागली, आणि तेविसाव्या पुस्तकाला निरीक्षक साहेब, मोज्याचं भोक विसरून, चवड्यावर उभे राहून मोजू लागले. एकेचाळीस झाली, तेव्हा त्यांनी शेरेबुक ओढलं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य हिरव्या शाईनं पुरं केलं: 'सदर यंत्र इथेच ठेवावे. ते हलवायचे झाल्यास या मुलीलाही हलवावे लागेल, आणि तसा नियम नाही.'

जयरामनी चष्मा पुसला. मग खळगा पडलेलं पुस्तक लंकापुढे धरलं. "घे. वर्षभर वाट बघितलीस. लिहून देतो तुझ्या नावावर."

लंकानं पुस्तक घेतलं, आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे चारशे सतराच्या ओळीत हिरवा AAHE चमकत होता.

"नको काका, लिहू नका," ती म्हणाली. "मी नेलं की ते परत लाल होईल."

आणि ती तिथेच, पडद्याखाली जमिनीवर मांडी घालून बसली, आणि पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचू लागली.